इंजेक्शनने दूध उतरतं, माया नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ‘प्रेमाच्या हार्मोन’वर अख्खं पान दिलं होतं, वाचलं. लेख छान लिहिला होता, चित्रंही गोड होती, पण शेवटी ती चौकट होती ना, ‘ऑक्सिटोसिन वाढवा, नाती घट्ट करा’, मिठी मारा, कुत्र्याला कुरवाळा, डार्क चॉकलेट खा वगैरे, ती वाचून राहवेना म्हणून हे पत्र. मी ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते आणि घरी सासरच्या गोठ्यात म्हशी आहेत, म्हणजे हे हार्मोन मला फळ्यावरही भेटतं आणि गोठ्यातही. दोन्हीकडे ते जसं वागतं ते त्या चौकटीत बसत नाही. पत्र लांब होणार आहे, जागा नसेल तर कापा, पण मधलं म्हशीचं तेवढं कापू नका प्लीज.

लेखात व्होल नावाच्या प्राण्याला दोन ओळीत उरकलंय. खरं तर सगळी गंमत त्याच्यातच आहे. अमेरिकेच्या मधल्या गवताळ पट्ट्यात प्रेअरी व्होल राहतो, मुठीत मावेल एवढा, आखूड शेपटीचा, आपल्या शेतातल्या उंदराचा लांबचा भाऊ म्हणा. 1970 च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातले लोवेल गेट्झ हे प्राणीशास्त्रज्ञ तिथल्या गवतात पिंजरे लावून नुसती मोजदाद करत होते, की व्होल किती वाढतात किती घटतात. तर त्यांच्या लक्षात आलं की पिंजऱ्यात सारखा एक नर आणि एक मादी बरोबरच सापडतायत, आणि परत लावला पिंजरा तरी तीच जोडी. बाकीच्या जातींचं असं होत नव्हतं. मग ट्रान्समीटर वगैरे लावून बघितलं तर हे खरंच एका बिळात संसार करतात, बाप पण पिल्लांच्या अंगावर बसून ऊब देतो, चाटतो, बिळात गवत आणून टाकतो, आणि जोडीदार मेला तर मागे राहिलेले बरेच जण दुसरा शोधतच नाहीत. सस्तन प्राण्यांत असं जोडीने राहणारे दहा टक्क्यांहून कमी, त्यामुळे हे विशेषच. (आता ‘एकपत्नी’ म्हणून लगेच टाळ्या नकोत, पिल्लांचा डीएनए तपासला तर मधूनच शेजारच्या बिळातला बाप निघतो. संसार एकाशी, बाकी तुम्ही समजून घ्या.)

गेट्झ यांनी हे हार्मोनवर काम करणाऱ्या सू कार्टर यांना सांगितलं आणि तिथून पुढे प्रयोगशाळेतली गोष्ट सुरू झाली. प्रयोग एकदम साधा आहे, मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते. तीन खोल्यांचा डबा. एका टोकाच्या खोलीत जोडीदार बांधून ठेवायचा, दुसऱ्या टोकाला अनोळखी व्होल, तोही बांधलेला. ज्याची परीक्षा आहे तो मधे मोकळा. तीन तास कॅमेरा लावून बघायचं की हा कुणाला चिकटून बसतो. एरवी जोडी जमायला त्यांना एखादा दिवस एकत्र राहावं लागतं, मीलन व्हावं लागतं. पण मादीच्या मेंदूत थेट ऑक्सिटोसिन सोडलं तर थोड्याच वेळात, मीलन न होताही ती त्या नराला ‘आपला’ मानायला लागते, आणि उलट ऑक्सिटोसिनचं काम बंद पाडणारं औषध दिलं की सगळं होऊनही जोडी जमत नाही. नरांमध्ये हेच काम जास्त करून व्हेसोप्रेसिन नावाचं हार्मोन करतं, ते ऑक्सिटोसिनचं सख्खं भावंडच, दोन्ही नऊ-नऊ अमिनो आम्लांची साखळी, फरक फक्त दोन जागी.

इथपर्यंत तुमच्या लेखिकेचं बरोबर आहे. पण इथेच थांबलं की सगळा घोटाळा होतो.

कारण शेजारच्याच कुरणात मेडो व्होल राहतात, डोंगराकडे मॉन्टेन व्होल राहतात, दिसायला जवळपास सारखे. त्यांना नातीबिती काही नाही, भेटले, मीलन झालं, आपापल्या वाटेने गेले. आता ऑक्सिटोसिन त्यांच्यातही आहे, व्हेसोप्रेसिन पण आहे. मग फरक कुठे? तो 1992 मध्ये टॉम इन्सेल आणि लॅरी शापिरो यांनी दाखवला. हार्मोन तेच, पण ते पकडणारे रिसेप्टर मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. आकाशवाणीचं प्रक्षेपण गावभर असतं पण ज्या घरात रेडिओ लावलाय तिथेच ऐकू येतं ना, तसं. प्रेअरी व्होलमध्ये हे रिसेप्टर मेंदूच्या त्या भागात दाट आहेत जिथे ‘हे छान वाटलं, परत हवं’ असं ठरतं, म्हणजे न्यूक्लियस अक्युंबन्स, तिथेच डोपामिनचं पण काम चालतं. त्यामुळे मीलनाच्या वेळी एकीकडे सुखाची लाट आणि दुसरीकडे समोरच्याचा वास, या दोघांची गाठ एकत्र मारली जाते आणि मग तो एक विशिष्ट वास म्हणजेच सुख होऊन बसतं. मॉन्टेन व्होलमध्ये त्या जागी रिसेप्टर अगदी विरळ. सुख मिळतं, गाठ बसत नाही.

याचा सगळ्यात भारी पुरावा 2004 मध्ये ‘नेचर’ मासिकात आला, एमरी विद्यापीठातल्या लॅरी यंग यांच्या गटाचा. मेडो व्होलच्या नराच्या मेंदूत व्हेंट्रल पॅलिडम नावाच्या एका बारीकशा भागात त्यांनी व्हायरसच्या पाठीवर व्हेसोप्रेसिन रिसेप्टरचं जीन पाठवलं. हार्मोन वाढवलं नाही, काही नाही, नुसते रिसेप्टर वाढवले. आणि हा भटका गडी चक्क एकाच मादीला चिकटून बसायला लागला! त्या वेळी जगभरच्या पेपरांनी ‘लफडेबाज नवऱ्यांवर उपाय सापडला’ छाप हेडलाइनी केल्या होत्या. पण माद्यांवर असाच प्रयोग केला, ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर वाढवले, तर प्रेअरी व्होलच्या माद्यांची जोडी लवकर जमायला लागली, मेडो व्होलच्या माद्यांना ढिम्म फरक पडला नाही. त्याची हेडलाइन कुणीच केली नाही.

दुसरी गोष्ट जी लेखात शोधूनही सापडली नाही. ज्या व्हेसोप्रेसिनने नर जोडीदाराला चिकटतो त्याच व्हेसोप्रेसिनने तो बाकीच्यांच्या अंगावर जातो. मीलनाच्या आधी प्रेअरी व्होलचा नर तसा गरीब असतो, नंतर मात्र अनोळखी कुणी दिसला की तुटून पडतो, आणि हार्मोन अडवलं की चिकटणं पण जातं आणि भांडणं पण जातं. म्हणजे ‘आपलं’ ठरलं की ‘परकं’ आपोआप ठरतं, एकाच रसायनात दोन्ही. माणसांवर पण असे प्रयोग झालेत, अ‍ॅमस्टरडॅमच्या कार्स्टन डी ड्रू यांनी डच तरुणांना नाकातून ऑक्सिटोसिन दिलं तर ते आपल्या लोकांच्या बाजूने जास्त झुकले, सगळ्या जगावर प्रेम वगैरे काही करायला लागले नाहीत. आता हे चौकटीत कसं बसवणार? ‘ऑक्सिटोसिन वाढवा, शेजाऱ्याशी भांडा’?

आणि आता जरा ताजी बातमी, जी विशेष करून तुमच्या लेखिकेने वाचावी. जानेवारी 2023 मध्ये ‘न्यूरॉन’ मासिकात कॅलिफोर्नियातले देवानंद मनोली आणि निराव शाह यांच्या गटांनी असा पेपर काढला की व्होलवाल्या सगळ्या मंडळींची झोप उडाली. त्यांनी क्रिस्पर, म्हणजे जीन कापायची कात्रीच म्हणा, ती वापरून असे प्रेअरी व्होल जन्माला घातले की ज्यांना ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच नाही, जन्मापासूनच. तीस वर्षांच्या हिशोबाने यांच्या जोड्या जमायला नको होत्या. जमल्या! नर-मादी चिकटून बसले, अनोळखीला टाळलं, पिल्लं झाली, पिल्लांना चाटलं पुसलं, बापाने पण केलं. फक्त एका ठिकाणी बिनसलं. या आयांची पिल्लं कमी जगली, जी जगली ती वजनाला कमी भरली. दूध पुरेसं उतरत नव्हतं.

मला हे वाचून आश्चर्य वाटलं आणि नाही पण वाटलं. कारण उंदरांमध्ये हे आधीच दिसलं होतं. 1996 मध्ये ऑक्सिटोसिनचं जीनच काढून टाकलेल्या उंदरीणी तयार केल्या होत्या, सगळ्यांना वाटलं बाळंतपणच होणार नाही, कारण ऑक्सिटोसिनची पहिली ओळखच मुळी ती, 1906 मध्ये हेन्री डेल यांना दिसलं होतं की पिट्युटरी ग्रंथीचा अर्क दिला की गाभण मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं. तर बाळंतपण व्यवस्थित झालं. पिल्लांना जवळ घेतलं, अंगाखाली घेतलं. पण पिल्लं एकामागून एक मेली, पोटात दुधाचा थेंब नाही. आईच्या सडांत दूध होतं, ते बाहेरच येत नव्हतं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिल्यावर आलं. म्हणजे बाकी सगळ्या कामांना निसर्गाने पर्यायी व्यवस्था करून ठेवलीय, दुधाला नाही.

मग नात्यांमध्ये याचं काही कामच नाही का, तर आहे ना. त्याच ऑक्सिटोसिन नसलेल्या उंदरांना 2000 साली तपासलं तेव्हा कळलं की त्यांना ओळख राहत नाही. काल भेटलेला उंदीर आज परत समोर आला तरी नव्याने वास घेत बसतात, जसा काही पहिल्यांदाच भेटतोय. बाकी स्मरणशक्ती ठणठणीत, खाणं कुठे ठेवलंय ते आठवतं, फक्त ‘हा कोण’ हे आठवत नाही. मेंदूत थोडं ऑक्सिटोसिन दिलं की आठवायला लागतं. आणि बर्कलेच्या अ‍ॅनालीस बीअरी यांच्या गटाने त्या रिसेप्टर नसलेल्या व्होलच्या मैत्रिणी-मैत्रिणींचं नातं बघितलं, नवरा-बायकोचं नाही, तर त्यांना मैत्री जमायला जास्त वेळ लागतो आणि गर्दीत सोडलं की कोण आपलं कोण परकं याचा पत्ता राहत नाही. मला विचाराल तर माया निर्माण करणं हे या हार्मोनचं काम नव्हेच, माया कुणावर करायची तो चेहरा, तो वास, तो आवाज पक्का करणं हे त्याचं काम. आणि ते पण एकट्याने नाही, डोपामिन आहे, व्हेसोप्रेसिन आहे, शरीरातलीच अफूसारखी रसायनं आहेत, सगळ्यांनी मिळून.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते मेंढीत. मेंढ्यांचे कळप ज्यांनी पाहिलेत त्यांना माहीतच असेल, शंभर पिल्लं एकदम ओरडत असतात आणि मेंढी बरोबर आपल्याच पिल्लाला पाजते, दुसरं आलं की शिंगाने, डोक्याने ढकलून देते, अगदी निर्दयपणे. केंब्रिजचे कीथ केंड्रिक आणि बॅरी केव्हर्न यांनी 1980 च्या दशकात यामागचं गणित सोडवलं. पिल्लू बाहेर येताना योनीमार्ग आणि गर्भाशयाचं तोंड ताणलं जातं, तो निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूत जातो आणि मेंदूच्या आत ऑक्सिटोसिन सुटतं. त्या क्षणापासून मेंढीचं नाकच बदलतं. जी मेंढी आदल्या दिवशी गर्भजलाच्या वासापासून तोंड फिरवत होती तीच आता तो वास अधाशासारखा चाटते. आणि साधारण दोन तासांत तिच्या डोक्यात त्या एका पिल्लाचा वास कोरला जातो. मग दार बंद. त्याच्यानंतर आलेलं दुसरं पिल्लू परकं.

या संशोधकांनी पुढे काय केलं बघा. ती ताण पोचण्याची वाटच बंद केली, मेंढीला कमरेत भूल दिली, एपिड्युरल, तर पिल्लू झालं पण बऱ्याच मेंढ्या पिल्लाकडे बघेनात. मग मेंदूत थेट ऑक्सिटोसिन सोडलं तर परत बघायला लागल्या. (बायकांनी लगेच घाबरून एपिड्युरल नको म्हणू नये, आपलं बाळाशी नातं जडायला नाकावर आणि दोन तासांवर भिस्त ठेवावी लागत नाही, आपल्याला नऊ महिने आधीपासून माहीत असतं कोण येणार आहे ते.) पण यातली खरी गोम अशी की मेंदूत सोडलं तर काम झालं, रक्तात दिलेलं ऑक्सिटोसिन मेंदूत जवळजवळ पोचतच नाही, मधे रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत आहे. शरीरातलं ऑक्सिटोसिन आणि मेंदूतलं ऑक्सिटोसिन हे एकच रसायन असलं तरी दोन वेगळे कारभार आहेत. निसर्गात दोन्ही एकाच वेळी सुटतात म्हणून आपल्याला ते एक वाटतात.

आणि आता म्हैस.

ज्यांच्या घरी म्हशी आहेत त्यांना हे सांगायला नको पण तुमचे शहरातले वाचक पण आहेत म्हणून सांगते. म्हशीखाली बसलं आणि सड ओढले की दूध येतं असं नसतं. आधी ती पान्हवावी लागते. गाईच्या कासेत थोडं तरी दूध खाली टाकीत साठलेलं असतं, म्हशीचं मात्र जवळपास 95 टक्के दूध वर बारीक बारीक पिशव्यांमध्ये अडकलेलं असतं. रेडकू सडाला तोंड लावतं, ढुशा देतं, तो निरोप मेंदूत जातो, पिट्युटरीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, कासेत येऊन त्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतं आणि मग दूध खाली येतं. हात लावून दोनेक मिनिटं जातात यात, म्हशीला गाईपेक्षा जास्तच वेळ लागतो. आमच्या सासूबाई आधी रेडकू सोडतात, ते चार घोट पितं, सडांना फेस येतो, सड टणक होतात, मग रेडकू ओढून म्हशीच्या तोंडापुढे बांधायचं, ती त्याला चाटत राहते, पुढ्यात पेंडीचं आंबोण, आणि इकडे चरवीत धारा सुरू. रेडकू दिसेनासं झालं, नवीन माणूस गोठ्यात आला, कुत्रं भुंकलं, शेजारी कुणी फटाका लावला की झालं, दूध वर चढवते. भीतीने अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि ते कासेतल्या रक्तवाहिन्या आवळतं, ऑक्सिटोसिनला पोचूच देत नाही. मी धारेला बसले की ही म्हैस हमखास पाय झाडते, सासूबाई बसल्या की गपगुमान रवंथ. एकदा मी अ‍ॅड्रेनलिनचं हे सगळं त्यांना समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, “तिला कळतंय गं, हात कुणाचा हाय ते.” सू कार्टरने ज्याच्यावर आयुष्य घातलं ते एका ओळीत.

रेडकू मेलं की मोठी पंचाईत. पूर्वी मेलेल्या रेडकाचं कातडं काढून त्यात पेंढा भरायचे आणि ते म्हशीपुढे ठेवायचे, ती ते चाटायची आणि पान्हवायची. डोळ्याला ते रेडकू अजिबात वाटणार नाही असं ओबडधोबड असायचं, पण वास तर तोच. मेंढपाळ पण करतात, जगभर करतात, मेलेल्या कोकराचं कातडं अनाथ कोकराच्या अंगावर बांधायचं, मग ती आई त्याला घेते. केंब्रिजच्या लोकांनी मेंदूत नळ्या घालून जे शोधलं ते या लोकांना नळ्यांशिवाय ठाऊक होतं.

आता हे सगळे सोपस्कार कुणाला नको असतील, किंवा रेडकाला चार घोट पण द्यायचे नसतील, की नर रेडकू आठ दिवसात उपाशी मारायचंच ठरवलं असेल, तर काय करतात ते सगळ्यांना माहितीये पण पेपरात फारसं येत नाही. इंजेक्शन. बिनलेबलची बाटली, रोज सकाळ संध्याकाळ मानेत टोचायची, एक-दोन मिनिटांत म्हैस उभ्या उभ्या दूध सोडते. तेच ऑक्सिटोसिन बरं का, तुमच्या पुरवणीतल्या गुलाबी चित्रातलं. आणि हे बघितलेल्या कुणालाही विचारा, ती म्हैस त्या टोचणाऱ्या माणसावर माया करायला लागते का? रेडकू शोधायचं थांबवते का? दूध उतरतं आणि ती तशीच हंबरत राहते. रक्तातलं काम झालं, मेंदूत काही पोचलंच नाही. जे मेंढीवर प्रयोग करून सिद्ध करावं लागलं ते आपल्याकडे रोज पहाटे चाललंय. शिवाय रोज बाहेरून मिळायची सवय लागली की स्वतःचा पान्हा कमी होतो, इंजेक्शन चुकलं तर दूधच देत नाही, मग चुकवायचं कसं, असं ते चक्र.

दूध पिणाऱ्यांना काय होतं म्हणून जे मेसेज फिरतात, मुली लवकर वयात येतात वगैरे, त्याच्यावर माझा तरी विश्वास नाही. ऑक्सिटोसिन हे प्रथिनाचंच पिल्लू, पोटात गेलं की पचून जातं, म्हणून तर त्याची गोळी निघत नाही. त्रास आहे तो जनावराला. आणि कायदा आहे की हो! प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा, त्याचं कलम 12, फुंका घालणं (म्हणजे दूध निघावं म्हणून जनावराच्या योनीत हवा फुंकणं) आणि दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला अपाय होईल असं इंजेक्शन देणं दोन्हीला बंदी, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा. हजार रुपये! आजच्या भावात एका म्हशीच्या दोन दिवसांच्या दुधाएवढे. 2018 च्या एप्रिलमध्ये केंद्राने वेगळाच उपाय काढला, की देशात विकायचं ऑक्सिटोसिन कुठल्याही खासगी कंपनीने बनवायचंच नाही, कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीनेच बनवायचं. पण हेच औषध बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला लागतं, त्याच्यावाचून बाई दगावू शकते, एकच कंपनी पुरी कशी पडणार, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि डिसेंबर 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. मग सुप्रीम कोर्ट, 2019 मध्ये मोठ्या खंडपीठाकडे. गोठ्यातल्या बाटलीला यातल्या कशाचीच भीती वाटलेली मी तरी पाहिली नाही.

परत माणसांकडे येते कारण तुमचा लेख माणसांसाठीच होता. लेखात नाकातल्या स्प्रेचा उल्लेख आहे, ‘विश्वास वाढवणारा’ म्हणून. तो प्रयोग 2005 चा, झुरिचचा, पैशाच्या खेळात स्प्रे घेतलेल्यांनी अनोळखी माणसावर जास्त पैसे सोपवले, ‘नेचर’मध्ये आला, गाजला. नंतर 2020 मध्ये जास्त माणसं घेऊन, आधी सगळे नियम जाहीर करून तोच प्रयोग परत केला तर विश्वास काही वाढलेला दिसला नाही. हे दुसरं लेखात नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, ऑटिझम असलेल्या मुलांचे आईबाप ही वाक्यं वाचून काय काय ऑनलाइन मागवतात ते मी माझ्याच ओळखीत बघितलंय, किती पैसे गेले ते विचारवत नाही. 2021 मध्ये अमेरिकेत 290 मुलांवर, 3 ते 17 वयाच्या, 24 आठवडे रोज स्प्रे देऊन मोठी चाचणी झाली, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. निम्म्यांना ऑक्सिटोसिन, निम्म्यांना नुसतं पाणी म्हणा. समाजात मिसळण्याच्या बाबतीत दोन्ही गटात फरक शून्य. मुलाच्या डोळ्यात बघून बोलता यावं म्हणून झुरणाऱ्या आईला पुरवणीतून अर्धवट आशा देऊ नये एवढंच माझं म्हणणं.

तुम्हाला माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, ती चौकट जशी ठळक छापली तशीच ठळक, 2020 आणि 2021 च्या या दोन चाचण्यांची माहिती पण छापा, आत कुठेतरी खुलासा म्हणून तीन ओळी नकोत. दुसरी, तुमच्या जिल्हा प्रतिनिधींना पहाटे चार वाजता शहराला दूध पुरवणाऱ्या तबेल्यांकडे पाठवा, आणि कलम 12 खाली गेल्या पाच वर्षांत आपल्या जिल्ह्यात किती गुन्हे दाखल झाले ते पोलिसांकडून आणि पशुसंवर्धन खात्याकडून माहिती अधिकारात मागवा. आकडा काय येईल याची मला कल्पना आहे, पण छापून आलेला बघायचाय.

आपली,
एक नियमित वाचक, जि. सांगली

ता.क. लेखासोबत कुत्र्याचा फोटो होता आणि खाली ‘नजरेला नजर मिळाली की दोघांचं ऑक्सिटोसिन वाढतं’ असं लिहिलं होतं. हा प्रयोग जपानमधला आहे, 2015 चा, आणि खरा आहे, लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं होतं, मालक आणि कुत्रा दोघांचं. पण माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांवर तोच प्रयोग केला तर तसं काही झालं नाही, ते मालकाच्या डोळ्यात फारसं बघतच नाहीत, हे पण त्याच पेपरात आहे आणि मला विचाराल तर तेच जास्त इंटरेस्टिंग आहे. आणि फोटोतलं ते कुत्रं सायबेरियन हस्की होतं, आपल्या उन्हात बिचाऱ्याची जीभ बाहेर आलेली स्पष्ट दिसतेय, त्याला प्रेम नाही, पाणी हवं होतं.